थोरल्या बुवांची डिस्क

“आणि मग मागे येता येत नाही?” बुवांनी विचारलं.

“नाही. एकदा बदललं की बदललं,” आल्हाद म्हणाला. “पण मागे यायचंय कशाला?”

बुवांनी कॉम्प्युटरशेजारच्या डिस्कवर हात ठेवला.

मी दारात बसून मेथी निवडत होते. मठाची कोठी आणि चूल माझ्याकडे असते. मला सगळे अक्का म्हणतात. त्या कॉम्प्युटरशी माझं काही देणंघेणं नाही, पण तो ज्या खोलीत आहे तिथे सकाळचं ऊन चांगलं येतं, म्हणून मी तिथे बसते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानावर पडलं.

हा आल्हाद पाटणकर पुण्याचा. कॉम्प्युटरची मोठी नोकरी सोडून आमच्याकडे आलेला. येरळेच्या काठावरचा आमचा मठ म्हणजे काय, तर चार खोल्या, एक अंगण आणि मुकुंदबुवा. तिथे येऊन हा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मला अनुग्रह हवाय.”

बुवा म्हणाले, “राहा. बघू.”

आमच्याकडे राहायचं तर फोन, लॅपटॉप सगळं घरी ठेवून यायचं. आणि अनुग्रह होईपर्यंत त्या माणसाकडून मठ काही घेत नाही. नारळसुद्धा नाही. हा नियम थोरल्या बुवांचा. आल्हादला तो फार जाचायचा, कारण त्याला रोज काही ना काही द्यायचं असायचं. कधी सोलर बसवून देतो, कधी वेबसाइट काढून देतो. आणि दर दोनचार दिवसांनी पुन्हा तेच.

“बुवा, अनुग्रह?”

“बघू.”

पोरगं वाईट नव्हतं. भांडी घासायचं, झाडलोट करायचं. पण करताना आपण करतोय हे त्याच्या तोंडावर दिसायचं. कढई घासून झाली की ती उन्हात धरून बघायचा. मला हसू यायचं.

तर त्या दिवशी झालं होतं असं. उत्सवाचं चित्रीकरण एका भक्तानं आणून दिलं होतं. ते मठाच्या डिस्कवर चढेना. बुवांनी आल्हादला बोलावलं.

त्यानं एका दृष्टिक्षेपात सांगितलं, “डिस्कची फाइल सिस्टीम जुनी आहे. फॅट थर्टीटू. तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. हे चित्रीकरण एकच फाइल आहे आणि त्याच्या दुप्पट आहे. एनटीएफएस करायला हवं.”

“म्हणजे?”

“म्हणजे... कोठीतले डबे जिथल्या तिथे राहतात. कुठल्या डब्यात काय आहे ते ध्यानात ठेवायची रीत बदलते.”

एवढं मलासुद्धा कळलं. मी म्हटलं, “मग बदल की. त्यात काय एवढं?”

बुवा मात्र डिस्ककडे बघत होते.

कारण त्या डिस्कवर थोरले बुवा होते. म्हणजे आमच्या बुवांचे गुरू. त्यांचं रोजचं निरूपण कुणीतरी कॅसेटवर घेत असे. त्यांच्या माघारी त्या कॅसेटांना बुरशी धरली, तेव्हा एका मास्तरांनी जेवढं वाचलं तेवढं या डिस्कवर उतरवलं. कॅसेटा टाकून दिल्या. आता थोरल्या बुवांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही.

“आधी एक प्रत काढ,” बुवा म्हणाले. “मास्तरांकडे रिकामी डिस्क आहे. मागून आणतो.”

“गरज नाही हो बुवा. फॉरमॅट केलं तर सगळं पुसतं. हे कन्व्हर्ट आहे. यात काही पुसत नाही. ऑफिसात ढिगानं केलंय मी.”

“बरं,” बुवा म्हणाले.

आल्हादनं काळ्या पडद्यावर काहीतरी लिहिलं. पडद्यावर एक ओळ उमटली.

“काय म्हणतंय?” बुवांनी विचारलं.

“डिस्कचं आत्ताचं नाव विचारतंय. चुकून दुसऱ्याच डिस्कला हात लागू नये म्हणून. ते सांगितल्याशिवाय बदलत नाही.”

“शहाणं आहे,” बुवा म्हणाले.

नाव लिहून झालं. जरा वेळानं आल्हादनं तोंड वाकडं केलं.

“जागा नाही म्हणतंय.”

“कशाला जागा? डबे तर तिथेच राहणार ना?” मी विचारलं.

“बदलायला थोडी लागते, अक्का. नवी रीत मांडायला. आणि चित्रीकरणाला तर भरपूर लागेल. डिस्क गच्च भरलीय.”

बुवा उठले. त्यांची जोंधळ्याची फेरी होती. सुगी झाली की बुवा झोळी घेऊन आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जातात. जे मिळेल त्यावर मठ वर्ष काढतो. फेरी सुरू झाली की आठवडाभर तरी ते परतत नाहीत.

“नको असेल ते काढ,” जाताना बुवा म्हणाले. “आणि कर.”

“आणि झाल्यावर, बुवा... अनुग्रह?”

बुवांनी झोळी खांद्यावर घेतली.

“झाल्यावर बघू.”

पहिल्यांदाच ‘बघू’च्या आधी काहीतरी आलं होतं. पोरगं हरखलं. दिवसभर त्या खोलीत बसून राहायला लागलं. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. “आलो अक्का, आलो,” म्हणायचा आणि यायचा तेव्हा आमटीवर साय धरलेली असायची. एकदा मी रागानं ताट त्याच्या पुढ्यात आदळलं, तर त्याचं लक्षही नाही. घास तोंडात, डोळे भलतीकडे. म्हटलं, जाऊ दे. मन लावून करतोय बिचारा.

बुवा परत आले ते चारपाच पोती जोंधळा बैलगाडीत घालून. पाय धुतात न धुतात तोच आल्हाद समोर.

“झालं, बुवा!”

“काय झालं?”

“सगळं. चला, दाखवतो. अक्का, तुम्हीपण या.”

आम्ही गेलो. त्यानं आधी चित्रीकरण लावलं. ढोल, ताशे, गुलाल, भोंगा. मधेच मी बुंदीचं पातेलं घेऊन चाललेली दिसले. बरी दिसत होते, उगाच खोटं कशाला बोलू?

“एकच फाइल,” आल्हाद म्हणाला. “कुठे अडकत नाही.”

“आणि जागा कशी झाली?” बुवांनी विचारलं.

आल्हाद याचीच वाट बघत होता. खुर्ची वळवून नीट बसला.

“त्याचीच गंमत आहे. निरूपणाच्या फाइली ऐकायला घेतल्या. म्हटलं, यातलं काय काढायचं? सगळंच हवं. मग लक्षात आलं, बुवा... या फाइलींत बहुतेक ठिकाणी काहीच नाहीये!”

बुवांनी मान वर केली.

“म्हणजे थोरले बुवा एक वाक्य बोलतात आणि थांबतात. मग कितीतरी वेळ काही नाही. मग एक वाक्य. पुन्हा काही नाही. मी एक प्रोग्रॅम लावला. कुणी बोलत नाही ती जागा तो शोधतो, कापतो आणि पुढचं मागच्याला जोडतो. सगळ्या फाइली तशा करून घेतल्या. तासाभराचं निरूपण दहाबारा मिनिटांत येतं. डिस्क जवळजवळ रिकामी झाली! मग कन्व्हर्ट एका फटक्यात झालं.”

“आणि काय गेलं?”

“काही नाही. शब्द एकही गेलेला नाही. मी तपासलंय.”

“लाव,” बुवा म्हणाले.

त्यानं लावलं.

आवाज थोरल्या बुवांचाच होता. पण काय सांगू... “माणसाला भूक लागली की तो ताटाकडे बघतो भुकेकडे बघत नाही ताट आलं की भूक गेली म्हणतो गेली कुठे ते बघत नाही...” धाडधाड धाडधाड. बाजारात कांद्याचा लिलाव चालतो ना, तसं. ज्या माणसानं आयुष्यात कधी घाई केली नाही, त्याच्या मागे जणू कुणी काठी घेऊन लागलं होतं.

आणि मग माझ्या ध्यानात आलं.

“ह्यांचा खोकला कुठाय?” मी विचारलं.

“काय, अक्का?”

“आमच्या ह्यांचा खोकला! हे मागच्या खांबाला टेकून बसायचे. दमा होता. थोरले बुवा थांबले की ह्यांचा खोकला यायचा. कुठाय तो?”

आल्हाद गोंधळला. “खोकला... तो प्रोग्रॅम नॉइज धरतो, अक्का. म्हणजे कचरा.”

“कचरा तुझ्या तोंडात घाल मेल्या!”

मला रडू फुटलं. हे गेल्याला खूप वर्षं झाली. ह्यांचा फोटोसुद्धा एकच आहे, तोही लग्नातला, त्यात ओळखू येत नाहीत. पण सणावाराला बुवा निरूपण लावायचे तेव्हा मी मुद्दाम हात पुसून दारात येऊन उभी राहायचे. थोरले बुवा थांबायचे आणि मागून हे खोकायचे. मग लांबून माझ्याच भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आणि ते सगळं या दीडशहाण्यानं झाडून टाकलं होतं. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. बुवांनाही सोडलं नाही.

“तुम्हीच म्हणालात ना, नको ते काढ!”

“म्हणालो,” बुवा म्हणाले.

आल्हाद पांढरा पडला होता, पण तो चुकलो म्हणायला तयार नव्हता. “अक्का, सॉरी. खोकल्याचं मला माहीत नव्हतं. पण बुवा, निरूपण तर सगळं आहे ना? थोरले बुवा जे बोलले ते तर पूर्ण...”

“पुन्हा लाव,” बुवा म्हणाले. “पहिल्यापासून.”

त्यानं लावलं.

“माणसाला भूक लागली की तो ताटाकडे बघतो...”

“थांबव.”

आल्हादनं थांबवलं.

...

बुवा बसून राहिले. गाडीचे बैल अंगणात कडबा खात होते, तेवढाच आवाज.

...

आल्हादचा हात कीबोर्डकडे गेला. बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“पण बुवा...”

बुवांनी सोडलं नाही. आल्हाद आधी चुळबुळला. मग खिडकीकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मी डोळे पुसत होते. त्यानं मान खाली घातली. सकाळपासून तो जेवला नव्हता, हाका मारूनही आला नव्हता. त्या शांततेत त्याच्या पोटात कावळे कोकलत होते ते मला ऐकू आलं. त्यालाही आलं असणार.

...

बराच वेळ गेला. बुवांनी मनगट सोडलं.

“आता लाव.”

“भुकेकडे बघत नाही.”

आल्हादनं आपणहून थांबवलं.

यावेळी बुवांनी त्याला धरलं नव्हतं. तरी त्याचा हात हलला नाही. तो पडद्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हे मी नीट पाहिलं. मघाचा माझा राग तिथेच निम्मा गळाला.

“हे... इथे होतं?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“होतं.”

“प्रत्येक ठिकाणी?”

“प्रत्येक ठिकाणी.”

आल्हाद एकदम उठला आणि पुन्हा खाली बसला. “मी परत आणतो, बुवा. पुसलेलं लगेच जात नाही. जागा रिकामी दाखवतात, पण आत असतं. दुसरं काही तिथे येऊन बसेपर्यंत असतं. मी काढतो.”

“बघ,” बुवा म्हणाले.

तो त्या खोलीत गेला तो बाहेर येईना. मी हाका मारल्या नाहीत. ताट झाकून दाराशी ठेवलं. रुसवा होताच माझा, पण उपाशी कुणाला ठेवायचं नाही, ही माझीसुद्धा एक रीत आहे. ताट तसंच्या तसं परत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

मग मीच आत गेले.

“मिळालं?”

त्यानं मान हलवली. डोळे लाल झालेले.

“काय झालं ते मला समजेल असं सांग.”

“जिथे ते होतं ना, अक्का, तिथे आता चित्रीकरण बसलंय. ढोल-ताशे. बरोबर त्याच जागेवर. आणि उरलेल्या जागेत कापलेल्या फाइली आणि नवी रीत बसली. जुनी रीत असती तर तिच्या खुणांवरून थोडं तरी शोधलं असतं. पण तीही मीच मिटवली. आता मागे जायला वाट नाही.”

“ते चित्रीकरण पुसून टाक मग!”

“पुसलं तरी खाली काही नाही. ते गेलं.”

मी बाहेर आले. चुलीपाशी बसले आणि उगाचच कणिक मळत राहिले.

दुपारी बुवा अंगणात जोंधळा वाळत घालत होते. चटईवर बसून हातानं पसरत होते. मी एका कडेला खडे वेचत होते. आल्हाद आला. खांद्याला पिशवी. आला तेव्हाचेच, इस्त्री मोडलेले कपडे अंगावर.

त्यानं बुवांच्या पायावर डोकं ठेवलं.

“जातो, बुवा.”

“अनुग्रह नको?”

“कुठल्या तोंडानं मागू?”

बुवा जोंधळा पसरत राहिले.

“तुम्ही प्रत काढ म्हणालात. मी ऐकलं नाही,” आल्हाद म्हणाला. “नको ते काढ म्हणालात. मी हवं तेच काढलं. मला वाटलं, बोलणं म्हणजे निरूपण. मधलं ते... मला वाटलं, ते विसरायचे. म्हातारे होते, आठवत बसायचे. खरंच तसं वाटलं मला.”

“मलाही वाटायचं,” बुवा म्हणाले.

“तुम्हाला?”

“तरुण होतो. समोर बसायचो. त्यांना पुढचं वाक्य आठवत नाही असं वाटायचं. एकदा मीच मधे सांगून टाकलं.”

मी खडे वेचायची थांबले. हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

“मग? ते काय म्हणाले?”

“काही नाही.”

...

आल्हाद वाट बघत उभा राहिला. बुवांनी पुढे काही सांगितलं नाही. त्याला आणखी रडू यायला लागलं. चांगला थोराड गडी, पण बाहीनं नाक पुसत होता. मला गलबलून आलं. मी म्हटलं, “अरे, जेवून तरी जा.” त्याला ते ऐकू आलं नसावं.

“तुम्ही त्यांच्यासमोर बसलात, बुवा,” तो म्हणाला. “अक्कांनी ऐकलं. तुमच्याजवळ आहे. पण यापुढे जो येईल त्याला काय? त्याच्यासाठी तेवढंच होतं. आणि माझ्यासाठीसुद्धा तेवढंच होतं, ते मी माझ्या हातानं... आता मला तुम्ही अनुग्रह दिलात तरी मी कुणाचं ऐकू? त्यांचं गप्प राहणं मी पुसून टाकलं. सगळं. त्यातलं काहीसुद्धा उरलं नाही.”

बुवांचा हात थांबला.

चटईच्या पलीकडे, कडुलिंबाखाली थोरल्या बुवांची समाधी आहे. साधा दगडी ओटा. वर नाव नाही, छत्री नाही. बुवांनी हात झाडले आणि तिकडे बघितलं.

“सगळं?” त्यांनी विचारलं.

आल्हादनं वळून ओट्याकडे बघितलं.

...

“ते अजून गप्पच आहेत,” बुवा म्हणाले. “पिशवी ठेव आणि ऐक जा.”